हाकेच्या अंतरावरचे घर

सोलापुरातल्या एखाद्या घरात आई किंवा वडील स्मृतिभ्रंशाने, म्हणजे डिमेन्शियाने, ग्रासले जातात, रात्री-अपरात्री कडी काढून बाहेर पडू लागतात, सांभाळणाऱ्यांनी हात टेकलेले असतात, आणि मग बोलणे पुण्याकडे वळते. मुलगा-सून तिकडे नोकरीला असतात. डिमेन्शियाची खास निवासी केंद्रे म्हणून ज्यांची नावे कानावर येतात तीही पुणे, मुंबई, बंगळूर अशा मोठ्या शहरांतली असतात. हवेशीर खोली, चोवीस तास नर्स, हाताशी डॉक्टर आणि अर्ध्या तासावर मुले. कागदावर निर्णय बिनचूक दिसतो. तरीही या आजाराचे शास्त्र नीट वाचले तर हा निर्णय पुष्कळदा उलटा पडतो, असे माझे मत आहे. निवासी शुश्रूषेला माझा विरोध नाही. आजाराच्या एका टप्प्यावर ती घरापेक्षा चांगली ठरू शकते, असेच मी म्हणणार आहे. पण स्मृती विरत चाललेल्या माणसाला धरून ठेवणाऱ्या गोष्टी, म्हणजे बालपणीची भाषा, रोजचे अन्न, हातांना लागलेले वळण, आयुष्यभर कानावर पडलेले आवाज, या सगळ्या जागेला बांधलेल्या असतात. म्हणून सोलापूरच्या माणसाची शुश्रूषा सोलापुरातच आणि शक्यतो त्याच्याच पेठेच्या आसपास व्हायला हवी.

आधी प्रश्नाचा आवाका पाहू. भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना, म्हणजे त्या वयाच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज राष्ट्रीय पातळीवरच्या सर्वेक्षणावरून 2023 मध्ये मांडला गेला. बायकांमध्ये आणि खेड्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळले. 2011 च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या 43 लाखांच्या वर होती. त्यातला साधारण दहावा हिस्सा साठीपुढचा धरला आणि देशाचे प्रमाण लावले, तर तीस हजारांहून अधिक माणसे होतात. हिशेब ढोबळ आहे, पण लोकसंख्या तेव्हाची आहे आणि म्हातारपण लांबत चालले आहे, त्यामुळे आजचा आकडा याहून मोठाच असणार. या सर्वांना निवासी केंद्राची गरज नसते. बहुतेक जण घरीच असतात आणि घरीच राहतील. पण शंभरातल्या एका-दोघांना जरी घराबाहेरच्या चोवीस तासांच्या शुश्रूषेची गरज लागली, तरी एकट्या या जिल्ह्यात ती संख्या शेकड्यांत जाते. ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय संपवण्याची सवय आपल्याला आहे, आणि तिच्यामुळे दुहेरी नुकसान होते. बी-12 ची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य, पडल्यावर डोक्यात साकळलेले रक्त अशी दुरुस्त होऊ शकणारी कारणे तपासलीच जात नाहीत, आणि ज्यांना खरोखर डिमेन्शिया आहे त्यांच्या पुढच्या आठ-दहा वर्षांचा विचार कोणी करत नाही.

अल्झायमर हा डिमेन्शियाचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात मेंदूच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पस या भागाला सुरुवातीलाच धक्का बसतो. नव्या घटना नोंदवून ठेवण्याचे काम याच भागाचे. त्यामुळे सकाळी कोण आले, जेवण झाले की नाही, हे खोली कुठली, हे टिकत नाही. पण हातांनी केलेल्या कामाची स्मृती मेंदूच्या वेगळ्या भागांवर अवलंबून असते आणि ती बरीच उशिरापर्यंत शाबूत राहते. जन्मभर विड्या वळलेल्या बाईला नातवाचे नाव आठवत नसेल, पण मांडीवर सूप ठेवले आणि हातात पान दिले तर तिची बोटे पान कातरण्याच्या ओळखीच्या हालचालीत शिरू शकतात. तंबाखू अर्थातच द्यायची नाही. ती हालचालच तिला पुरेशी असते. कांड्या भरणे, सुताचा गुंता सोडवणे, चादरींच्या घड्या घालणे, शेंगा फोडणे या कामांचेही तसेच. अशा ओळखीच्या कामात गुंतलेला माणूस शांत राहतो, हा अनुभव जगभरच्या शुश्रूषा केंद्रांचा आहे. दुसरी टिकणारी गोष्ट म्हणजे भावना. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 2014 मध्ये अल्झायमरच्या 17 रुग्णांना दुःखी आणि आनंदी प्रसंगांच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते थोड्याच वेळात पुसले गेले, पण त्यातून आलेली उदासी किंवा प्रसन्नता पुढेही रेंगाळत राहिली. ‘आईला काही कळतच नाही, मग ती कुठे राहते याने काय फरक पडतो’ या युक्तिवादाला याहून स्पष्ट उत्तर नाही. परक्या जागेची भीती तिला वाटते आणि टिकते. भीतीचे कारण मात्र तिला सांगता येत नाही.

भाषेचा मुद्दा सोलापुरात इतर बहुतेक शहरांपेक्षा जास्त टोकदार आहे. 1877 मध्ये सुरू झालेल्या जुन्या मिलपासून या गावाने माणसे ओढून घेतली. पूर्व भागात पद्मशाली विणकरांची तेलुगू वस्ती वाढली, कन्नड तर इथल्या मातीतलीच, सोबत मराठी आणि दखनी उर्दू. दिवसभरात तीन भाषा सहज बोलणारी माणसे इथे घरोघरी सापडतात. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या 648 रुग्णांचा अभ्यास करून 2013 मध्ये असे मांडले की एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली, आणि हा फरक निरक्षरांतही होता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत असा परिणाम दिसलेला नाही, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. आजार सुरू झाल्यावर काय होते ते मात्र शुश्रूषा करणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे: नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी गळतात आणि माणूस आईच्या भाषेकडे परततो. चाळीस वर्षे दुकानात अस्खलित मराठी बोललेले गृहस्थ संध्याकाळ झाली की ‘इंटिकी पोदाम’ म्हणू लागतात, कोणी ‘मनेगे होगोण’ म्हणते, कोणी ‘घर कू जाना है’. सूर्य कलल्यावर वाढणारी ही तगमग या आजारात नेहमीची असते. त्या वेळी जवळ बसलेल्या बाईला त्यांचे म्हणणे कळले, तर ती त्यांच्याशी त्यांच्या घराबद्दल बोलू शकते, हात धरून अंगणात चार फेऱ्या मारू शकते. कळले नाही, तर त्याच तगमगीची नोंद ‘रुग्ण आक्रमक झाला’ अशी होते आणि डॉक्टरांना फोन जातो. दातदुखी, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ यांच्या तक्रारीही याच भाषेत येतात. त्या समजल्या नाहीत तर औषध दुखण्याला मिळत नाही, आरडाओरड्याला मिळते.

यावर कोणी सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (2013) या चित्रपटाकडे बोट दाखवील, आणि तो आक्षेप वजनदार आहे. मोहन आगाशे यांनी उभे केलेले संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागोमाग जातात, हरवतात, आणि त्यांना सांभाळते ती माहुताची कन्नड बोलणारी बायको चन्नम्मा. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रीबुवांची विद्या चन्नम्माला ठाऊक नाही, पण त्यांना लेकरासारखे पोटाशी धरणे तिला कोणी शिकवावे लागत नाही. मग भाषेचे एवढे स्तोम कशाला? चित्रपट जे सांगतो ते खरे आहे. माणसाला तो आज जसा आहे तसा स्वीकारणे ही शुश्रूषेची पहिली अट आहे, आणि शिकलेल्या नातेवाइकांना नेमके तेच जड जाते, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर जुना माणूस उभा असतो. पण चन्नम्माची शुश्रूषा थोड्या वेळाची आहे. सलग काही वर्षे, दिवसातून पाच वेळा कपडे बदलणे, घास गिळला की गालात राहिला ते पाहणे, रात्री तीनला ‘मिलचा भोंगा झाला’ म्हणून उठलेल्या माणसाला पुन्हा अंथरुणावर नेणे, हे रोजचे काम मायेवर उभे राहते आणि शब्दांवर चालते. रात्री तीनच्या त्या माणसाला मिलचा भोंगा म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, तोच ‘आज पाळीला सुट्टी आहे’ असे म्हणून त्याला शांत करू शकतो.

स्थानिक शुश्रूषेच्या आणखी काही बाबी अगदी साध्या आहेत आणि म्हणूनच बाहेरून आणलेल्या आराखड्यातून निसटतात. डिमेन्शिया वाढत गेला की गिळणे बिघडते, अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. सोलापूरची कडक भाकरी आणि शेंगाचटणी हे जिवाचे जेवण असले, तरी त्या टप्प्यावर घातक ठरू शकते; पण तीच भाकरी डाळीत किंवा दुधात कुस्करून, मऊ करून दिली तर चवीची ओळख राहते आणि घासही उतरतो. मऊ अन्न म्हणजे सूप आणि ब्रेड असे धरून चालणाऱ्या स्वयंपाकघरात भाकरीवर वाढलेली बाई उपाशी राहते आणि नोंदवहीत ‘भूक मंदावली’ असे लिहिले जाते. उन्हाळ्याचेही तसेच. पारा 43 अंशांपर्यंत चढणाऱ्या गावात, तहान लागली हे सांगता न येणाऱ्या माणसाला शरीरातले पाणी कमी होऊन एका दिवसात भ्रम होऊ शकतो, आणि घरचे समजतात आजार एकदम बळावला. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात अंथरूण ओले करणाऱ्या माणसाचे रोजचे धुणे हा केवढा प्रश्न आहे, हे ज्या सुनांनी केले आहे त्यांनाच कळेल. शुश्रूषेचे नवे घर उभारायचे तर पाण्याची टाकी केवढी, हा प्रश्न एमआरआय यंत्राच्या आधी विचारायला हवा. आणि कान. लॅन्सेट आयोगाने 2024 मध्ये डिमेन्शियाची टाळता किंवा लांबवता येण्याजोगी 14 जोखीमकारणे सांगितली. सगळी दूर झाली तर सुमारे 45 टक्के रुग्ण टळू किंवा लांबू शकतील असा त्यांचा हिशेब आहे. त्यांत रक्तदाब आणि मधुमेह आहेत, अपुरे शिक्षण आहे, तशीच श्रवणशक्तीची हानीही आहे. वर्षानुवर्षे यंत्रमागांच्या खडखडाटात उभ्या राहिलेल्या कामगाराचे कान आधीच गेलेले असतात. त्याला ऐकू न आल्यामुळे चुकलेले उत्तर आणि स्मृती गेल्यामुळे चुकलेले उत्तर यांतला फरक तपासणाऱ्याला कळला पाहिजे, आणि हे गाव ज्याच्या ओळखीचे आहे त्याच्या तो लवकर लक्षात येईल.

सर्वांत सबळ आक्षेप मात्र वेगळाच आहे: निवासी केंद्र हवेच कशाला, घरीच मदत पोचवा. त्याला पुरावाही आपल्या शेजारचा आहे. गोव्यात डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी 81 कुटुंबांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाले. स्थानिक लोकांमधूनच निवडलेल्या आणि थोडे प्रशिक्षण दिलेल्या गृहशुश्रूषा सल्लागार रुग्णांच्या घरी जात, आजार समजावून सांगत, रागावणे-भटकणे कसे हाताळायचे ते दाखवत, सरकारी योजनांची माहिती देत आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून देत. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारले. हा प्रयोग सोलापुरात आशा कार्यकर्त्यांच्या जोडीने उद्याही करता येईल आणि तो आधी व्हावा, हे मला पूर्ण मान्य आहे. पण त्या प्रयोगाने दिलासा दिला तो मुख्यतः सांभाळणाऱ्यांना. रुग्णाची अवस्था त्याने थांबवली असे सिद्ध झाले नाही. आजार पुढे सरकतोच. आणि घर म्हणजे काय, हेही पाहिले पाहिजे. दोन खोल्यांचे घर, त्यातल्या एकीत माग किंवा विडीचे काम, सांभाळणारी सून स्वतः दिवसाच्या मजुरीवर. तिने काम सोडले तर चूल पेटत नाही आणि सोडले नाही तर सासूबाई दिवसभर बाहेरून कडी लावलेल्या खोलीत. ‘घरीच सांभाळा’ हे वाक्य अशा वेळी एकाच बाईच्या खांद्यावर ठेवलेले ओझे असते. संस्कृतीचे नाव त्याला कितीही दिले तरी त्याचे वजन कमी होत नाही.

‘आईबापांना आश्रमात टाकले’ ही बोचणी त्यातूनच येते, आणि ती मनापासूनची असते, म्हणून तिला उडवून लावणे मला पटत नाही. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात आईवडिलांना टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि तो असावाच. पण टाकून देणे म्हणजे नाते तोडणे. चालत जाऊन रोज संध्याकाळी आईला दोन घास भरवून येणारी मुलगी आईला टाकत नाही; ती धुण्याची, जागरणाची आणि झटापटीची पाळी दुसऱ्याकडे सोपवते आणि मुलगी म्हणून बसायला मोकळी होते. मात्र हे खरे ठरण्यासाठी ते शुश्रूषेचे घर चालत जाण्याच्या अंतरावर असावे लागते. अडीचशे किलोमीटरवर ठेवलेल्या आईकडे शेजारीण, भाची, देवळातली सोबतीण यांपैकी कोणीही जाणार नाही. फक्त मुलगा जाईल, तोही रविवारी. ‘मुलगा तर पुण्यातच आहे’ या उत्तरात मुलाची सोय आहे, आणि ती खोटी नाही. पण आईचे जग मुलापुरतेच होते का, हे विचारायला हवे. साधा वृद्धाश्रम हाही पर्याय नाही. तिथली व्यवस्था स्वतःचे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी असते, आणि डिमेन्शियाच्या रुग्णाला बहुतेक ठिकाणी दारातूनच परत पाठवतात, कारण त्यांना ते झेपत नाही.

निवासी घरांविषयीची भीती निराधार नाही, हेही सांगितले पाहिजे. 6 ऑगस्ट 2001 रोजी तमिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेले 28 मनोरुग्ण आगीत मेले. बंद दारांमागे काय होऊ शकते याचे ते उदाहरण आपण विसरू नये. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यास पूर्ण मनाई केली, आणि माणसाला आवरून धरणे केवळ तत्काळचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तेव्हाच मान्य केले. या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृती आणि भान यांचा गंभीर बिघाडही येतो, म्हणजे डिमेन्शियाचे रुग्ण त्या संरक्षणाबाहेर नाहीत. साखळीची जागा आता गोळी घेते, हा अधिक अदृश्य धोका आहे. वयस्क डिमेन्शिया रुग्णांना शांत ठेवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्येच दिला आहे. त्याउलट ब्रिटनमधल्या 69 शुश्रूषागृहांत झालेल्या, 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत कर्मचाऱ्यांना माणूस समजून घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि प्रत्येक रुग्णाशी आठवड्यातून किमान तासभर त्याच्या आवडीच्या गोष्टींत गप्पागोष्टी घडवल्या. जगण्याची प्रत सुधारली, अस्वस्थता कमी झाली आणि खर्चही वाढला नाही. आठवड्याला एक तास! एवढ्यानेही फरक पडावा यातच रुग्णांशी एरवी किती कमी बोलले जाते ते दिसते. कोणतेही केंद्र पाहायला गेलेल्या नातेवाइकांनी फरशी आणि टीव्ही पाहण्याऐवजी विचारावे की झोपेची आणि शांत करणारी औषधे किती जणांना चालू आहेत, रात्री किती माणसे जागी असतात, आणि आमची आई जी भाषा बोलते ती त्यांतल्या किती जणांना येते.

घर कसे असावे याचे नमुने जगात आहेत. नेदरलँड्समधल्या वेस्प गावातले होगेवेक 2009 मध्ये सुरू झाले आणि त्याची कीर्ती आपल्याकडेही पोचली: सुरुवातीला 23 घरे, सुमारे दीडशे रहिवासी, आत किराणा दुकान, चौक, रस्ते. मला त्यातली एक गोष्ट मोलाची वाटते. घरे रहिवाशांच्या पूर्वायुष्याच्या रीतीप्रमाणे वाटलेली होती, आणि इंडोनेशियाशी नाते असलेल्यांसाठी वेगळ्या चवीचे, वेगळ्या सजावटीचे घर होते. पण ते गाव सार्वजनिक दीर्घशुश्रूषा विम्यावर उभे आहे, जो त्या देशाने 1968 मध्येच सुरू केला. सोलापूरने तसे गाव बांधायचे स्वप्न पाहू नये. आपल्या उपयोगाचा नमुना जपानचा आहे. तिथे डिमेन्शियाच्या समूहघरात एका गटात पाच ते नऊच माणसे राहतात, स्वयंपाकात आणि आवराआवरीत जमेल तसा हात लावतात, आणि 2006 पासून अशा घरात सर्वसाधारणपणे त्याच गावच्या रहिवाशांना प्रवेश मिळतो. माणसाला त्याच्या परिसरातून उखडायचे नाही, हे त्यांनी नियमातच आणले. साखर पेठेत किंवा विडी घरकुलात नऊ माणसांचे एक बैठे घर मिळणे अशक्य नाही. आत गोल फिरून पुन्हा तिथेच येणारी वाट, दिसेल असा संडास, पायाखाली गडद पायपुसणे नाही कारण त्यांना तो खड्डा वाटतो, चकाकणाऱ्या स्टीलच्या ताटाऐवजी भात उठून दिसेल असे रंगीत ताट. यातले काहीच महाग नाही.

महाग आहे ते मनुष्यबळ, आणि पैशाचा आक्षेप इथेच खरा बोचतो. खासगी केंद्रांचा महिन्याचा खर्च मध्यमवर्गाचेही कंबरडे मोडतो. कर्मचारी पेन्शन योजनेतल्या (ईपीएस) पेन्शनची किमान रक्कम 2014 पासून महिना 1000 रुपयांवर थांबलेली आहे, आणि श्रावणबाळ योजनेत 1500 मिळतात. विडी कामगार बाईने त्यातून काय भरायचे? आयुष्मान भारत 2024 पासून सत्तरीपुढच्या सर्वांना लागू झाले खरे, पण ते रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षांची शुश्रूषा त्यात बसत नाही. तरी वाटा अगदीच बंद नाहीत. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेत डिमेन्शियाग्रस्तांसह सतत शुश्रूषा लागणाऱ्या किमान 20 ज्येष्ठांच्या घराला अनुदानाची तरतूद आहे. एकमेकांजवळची तीन छोटी घरे मिळून ही संख्या भरू शकते. 2007 च्या कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी 150 जणांचे निवास अपेक्षिले आहे, त्यातला एक भाग या कामासाठी राखून ठेवण्याची मागणी करता येते. चालवणार कोण, या प्रश्नाचे उत्तर सोलापूरला बाहेर शोधायला नको. अश्विनी आणि मार्कंडेय ही सहकारी रुग्णालये इथे उभी राहिली. गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांनी संघटित होऊन दहा हजार घरे मिळवली. जे शहर सहकारातून रुग्णालय आणि वसाहत उभारू शकते त्याला नऊ खाटांचे घर जड नाही. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निदानाला आणि प्रशिक्षणाला जवळच आहे. विडीच्या कामातून बाहेर पडू पाहणाऱ्या, दोन-तीन भाषा बोलणाऱ्या बायकांना या कामाचे रीतसर शिक्षण आणि बऱ्यापैकी पगार दिला, तर असे कर्मचारी पुण्या-मुंबईलाही मिळणार नाहीत.

एक आक्षेप उरतो, आणि तो माझ्याच युक्तिवादातून निघतो. जागेची ओळख एवढी महत्त्वाची, तर घरातून कुठेही हलवणे, शेजारच्या गल्लीत का होईना, अपायच नाही का? काही प्रमाणात आहे. जागा बदलल्यावर गोंधळ वाढतो, काही आठवडे माणूस खचतो. पण यावरही जपानने वाट काढली आहे. तिथे 2006 पासून अशीही छोटी केंद्रे आहेत जी एकाच ठिकाणाहून, त्याच कर्मचाऱ्यांकडून तीन सेवा देतात: दिवसाची सोबत, अधूनमधून रात्रीचा मुक्काम आणि घरी येऊन मदत. आजाराच्या सुरुवातीला आई तिथे आठवड्यातून दोन दुपारी जाते, शेंगा फोडते, भजन ऐकते. वर्षभराने सुनेचे बाळंतपण किंवा घरातले लग्न निघाले की चार रात्री राहते. तारखा आणि नावे तिच्या लक्षात राहत नाहीत, पण पुन्हा पुन्हा गेल्याने पायांना तो उंबरठा आणि कानांना त्या बायकांचे आवाज सवयीचे होतात; सवय आणि भावना या उशिरा जाणाऱ्या गोष्टी आहेत, हे वर पाहिलेच. पुढे तिथेच राहायची वेळ आली तर ती जागा तिला नवी नसते. अडीचशे किलोमीटरवरच्या केंद्रात आठवड्याच्या दोन दुपारी कोणालाच घालवता येत नाहीत.